बोलणारं माणूस

शिकायला परदेशी जायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. मी परदेशी शिकायला गेले ती इंदूरला. जन्म नैरोबीचा, पासपोर्ट तिकडचा, त्यामुळे कॉलेजच्या दफ्तरी मी ‘विदेशी छात्रा’ होते, आणि होस्टेलच्या वॉर्डनबाई मला पहिला महिनाभर चमचा-काटा लागतो का म्हणून विचारत होत्या. मी बोटं चाटत वरणभात खाताना दिसले तेव्हा बिचाऱ्या नाराज झाल्या. आमच्या नैरोबीच्या घरात मराठीखेरीज दुसरा शब्द चालत नसे, आणि ती मराठीसुद्धा बाबांनी देवास सोडलं तेव्हा जी बरोबर नेली तीच. पुढे इकडे भाषा कुठल्या कुठे गेली, आम्ही आपले ‘इस्पितळ’ आणि ‘न्याहारी’ धरून बसलो. देवासच्या चुलतभावाने, नंदूने, मला पहिल्यांदा बोलताना ऐकलं आणि त्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या काकूकडे, वळून म्हणाला, “अरे भिया, ये तो सीधी पेशवाई से आई है. मम्मी, हिच्याशी मी मराठीत नाही बोलणार, मला शरम येते.” त्याची सगळी शाळा हिंदीतली. मराठी वर्तमानपत्र हातात दिलं तर शिक्षकांनी उभं केल्यासारखा अडखळत वाचायचा. पण मला चिडवायला त्याला कुठलीही भाषा पुरत असे, आणि मी त्याच्या घरी पोचले की हाक ठरलेली, “मम्मी, नैरोबी एक्सप्रेस आ गई.”

येताना मी काय काय ठरवून आले होते. शनिवार-रविवार मिळाला की निघायचं, हा देश बघून घ्यायचा. जयपूर, खजुराहो, अजिंठा अशा गावांवर मी नकाशात शाईचे ठिपके काढून आणले होते. होस्टेलच्या दुसऱ्या मुली तशा हिंडायच्याही, आणि सोमवारी उन्हाने काळ्या होऊन फोटो दाखवायच्या. माझा बेत देवासच्या काकूने एका फोनमध्ये निकालात काढला. “शनिवारी जेवायला ये. रविवारी कुठं जायचं ते मग बघू.” झालं, तीन वर्षांचे शनिवार-रविवार तिने ताब्यात घेतले. काकूच्या लेखी प्रवास म्हणजे ज्याच्या दुसऱ्या टोकाला एकतर नातेवाईक असतो, नाहीतर देव. हाटपिपल्याला नृसिंहाच्या दर्शनाला ती मला घेऊन गेली, सरदारपूरला कुणाच्या तरी मुंजीला घेऊन गेली, तिथे मी उन्हात पंगत वाढली. मांडू बघायचं म्हणून मी हट्ट धरला तेव्हा तिने खरोखर न समजून विचारलं, “पण तिथं आपलं आहे कोण?” अजिंठा मी शेवटी माझ्या लेकीच्या शाळेच्या सहलीबरोबर पाहिला, आणि तेव्हा गुडघे दुखत होते.

आता लिहिताना मात्र मला त्यातलं काही चुकल्यासारखं वाटत नाही. काकूचं घर म्हणजे कारखान्याच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. काका त्याच कारखान्यात होते, ते अचानक गेले आणि नंदूला तिथेच नोकरी लागली, म्हणून घर राहिलं. सकाळी टेकडीवरच्या देवीची आरती भोंग्यातून यायची, मग कारखान्याचा भोंगा, आणि या दोन्हींच्या वर काकूचा आवाज. ती सारखी बोलायची. दुधाशी बोलायची, कुकरशी बोलायची, शेजारच्या चौधरीणबाईशी भिंतीवरून मालवी बोलीत बोलायची आणि त्याच दमात मला मराठीत सांगायची की ही बाई डाळीचा सत्यानाश करते. भुट्ट्याचा कीस तिच्यासारखा मी कुठे खाल्ला नाही, पण तो परतताना ती त्याची पूर्ण हकीकत सांगे, म्हणजे भुट्टे कुणाच्या शेतातले, आणि त्या शेतकऱ्याची सून कशी आहे. मी वाटीत चमचा घालून बसायची आणि हूं हूं करायची. नैरोबीच्या आमच्या घरी जेवताना घड्याळ ऐकू येत असे. इथे मला कुणी गप्प बस म्हणत नव्हतं, पण बोलायला जागाच मिळत नव्हती, आणि त्याचं मला फार सुख होतं.

ही बाई वर्षातून एक दिवस गप्प बसायची, आणि त्या एका दिवसावरच हे सगळं प्रकरण आहे.

आमच्या घराण्याचे देव, म्हणजे खंडोबा आणि भवानीचे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले जुने टाक, एका घरी राहत नाहीत. एक वर्ष देवासला, एक वर्ष धारला. धारला माझे धाकटे काका, आम्ही त्यांना बापूकाका म्हणतो. ते शाळेतून निवृत्त झाले होते आणि एका देवळाची पूजाअर्चा सांभाळायचे. दसरा झाला की कोजागिरीच्या आत देव हलवायचे. पितळी डब्यात तांदळावर टाक ठेवायचे, नव्या खणात तो डबा बांधायचा आणि थोरल्या सुनेने तो उपाशीपोटी मांडीवर घेऊन जायचा. वाटेत देव जमिनीला टेकवायचे नाहीत. आणि ज्याच्या हातात देव त्याने, दुसऱ्या घरच्या देव्हाऱ्यात ते बसेपर्यंत, तोंडातून शब्द काढायचा नाही. पूर्वी बैलगाडी असेल तेव्हा ठीक होतं, पण बसमध्ये तिकीट कोण काढणार, जागेवरून भांडणार कोण? म्हणून बरोबर एक जण असायचं. त्याला आमच्या घरी नावच होतं, ‘बोलणारं माणूस’. त्याने देवांना हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. एरवी हे काम नंदू करायचा. त्या वर्षी त्याची सुट्टी नाकारली गेली आणि काकूने मला सांगितलं की शनिवारी येशील ती जेवायला नको, बोलायला ये.

थोरली सून म्हणजे काकू, आणि काका गेल्यावरही हा मान तिच्याकडेच राहिला होता. घराण्याची रीत थोरलेपणाची, कुंकवाची नाही, असं ती ठासून सांगायची. “हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, ओटी भरायला बोलवत नाहीत. जाऊ दे. हा एक मान कुणी काढून घेतलेला नाही, आणि मी असेपर्यंत काढूही देणार नाही.” बापूकाकांनी मात्र एकदोनदा सुचवून पाहिलं होतं की वहिनींची तब्येत आता प्रवासाची नाही, आमच्या हिने देव आणले तर काय हरकत आहे. तब्येतीचं निमित्त होतं हे काकूला कळत होतं. काही कमीजास्त झालं की पुढच्या वर्षी डबा आपल्या मांडीवर नसेल, हेही ती ओळखून होती. आदल्या आठवड्यात तिने मला चारचारदा बजावलं होतं, “वाटेत काही झालं तरी मला बोलायला लावू नकोस.”

देवासहून इंदूरपर्यंत सगळं मजेत गेलं. काकू डबा घेऊन खिडकीशी बसलेली, ओठ मिटलेले, आणि डोळ्यांनी मात्र अखंड बडबड चाललेली. कुणाच्या साडीचा रंग, कुणाचं रडणारं मूल, सगळ्यावर तिचं भुवईने भाष्य. इंदूरच्या सरवटे स्टँडवरून रिक्षाने गंगवाल स्टँड गाठला आणि धारची बस धरली. गर्दी होती. सोयाबीन निघायचे दिवस, पोती, ट्रॉल्या, रस्त्यावर धूळ, आणि ऑक्टोबरचं ते मालव्याचं कोरडं ऊन. मी कंडक्टरशी हुज्जत घालून दोन जागा मिळवल्या आणि माझ्या पेशवाई हिंदीवर तो मनसोक्त हसला. काकूही हसली, आवाज न करता.

बेटमा गाव मागे पडल्यावर मला तिचा हात दिसला. डावा हात डब्यावरून घसरून मांडीवर पडला होता आणि ती उजव्या हाताने जबडा दाबत होती. मी विचारलं, “दाढ दुखते?” तिने मान हलवली, नाही. “पित्त झालंय?” तिने जरा थांबून हात हलवला, असू दे, चल. पाणी देऊ का म्हटलं, तर डोळे वटारले, कारण उपास निर्जळी. मी बाटली परत पिशवीत ठेवली. गप्प बसणाऱ्या माणसाशेजारी बसलं की आपल्यालाही शांत वाटायला लागतं, तसं मला मिनिटभर वाटलं. मग तिच्या वरच्या ओठावर घाम दिसला. खिडकीतून वारा येत होता आणि तिच्या कपाळावरून घाम गळत होता, पोलक्याची पाठ भिजली होती. पुढच्या सीटवरची लुगड्यातली एक बाई वळून बघत होती. ती मला म्हणाली, “बेन, इनको जी घबरई रियो है. पूछो तो सही.”

मी विचारत होते हो, पण उत्तर देणार कोण? काकू माझ्याकडे बघायची आणि ओठ आणखी घट्ट मिटायची. मी बापूकाकांना फोन लावला. मागे मंडळींचा आवाज येत होता, आरतीची तयारी चालली होती. मी सांगितलं की काकूला घाम फुटलाय, जबडा दुखतोय. ते म्हणाले, “उपास आहे ना, पित्त खवळलं असेल. आता आलातच तुम्ही. आणि हे बघ, बोलू देऊ नकोस तिला. आत्तापर्यंत निभावलंय, आता घराच्या दाराशी येऊन विटाळू नका.” मी म्हटलं, काका, मला हे पित्त वाटत नाही. ते म्हणाले, “तुमच्याकडे कुळाचार सुटलाय, म्हणून तुला भीती वाटते.” आणि फोन ठेवला. मला इतका संताप आला की कानशिलं गरम झाली. पण संतापाने काही होत नव्हतं, काकूचा रंग राखेसारखा होत चालला होता.

तिला बोलतं केल्याशिवाय मला काही कळणार नव्हतं, आणि ती मेली तरी बोलणार नव्हती, हे मला स्वच्छ दिसलं. घाटाबिल्लोद आलं, बस थांबली, दोघं उतरले, चार चढले. मी तिला म्हटलं, “काकू, उतरू या.” तिने माझं मनगट धरलं. एवढा जोर कुठून आला कोण जाणे, नखं रुतली. बस सुटली. तेव्हा मला जे सुचलं ते काही मोठ्या अकलेतून सुचलेलं नाही, रीतच तशी होती. ज्याच्या हातात देव त्याने बोलायचं नाही. मग देव दुसऱ्याच्या हातात गेले तर पहिलं माणूस मोकळं. मी म्हटलं, “काकू, डबा इकडे द्या. मान तुमचाच, मी नुसती धरते. देव माझ्याकडे असेपर्यंत तुम्हाला बोलायला काही आडकाठी नाही.” तिने डबा पोटाशी आवळला. मी सकाळी स्टँडवर पोहे-जलेबी खाल्ली होती, ती तिच्यासमोरच खाल्ली होती. मी थोरली सून नाही, कुणाची सूनच नाही, वर समुद्रापलीकडची. हे सगळं तिच्या डोळ्यांत मला वाचता येत होतं. मी हात पुढे धरून बसले. मग तिची बोटं आपोआप सैल झाली, आणि तिने देव माझ्या मांडीवर ठेवले. खण घामाने ओला झाला होता.

“हात मेल्यासारखा झालाय,” ती म्हणाली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द. “छातीवर कुणीतरी बसलंय गं. पाठीतून कळ येते. मला भीती वाटते पोरी.”

काकूला कशाची भीती वाटते हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आणि आता देव माझ्या हातात होते आणि मला बोलायचं नव्हतं. मी हात वर केला. कंडक्टर दाराशी होता, त्याला वाटलं सुट्टे मागते, त्याने नंतर देतो अशी खूण केली. मी पुन्हा हात हलवला. मध्ये माणसं, पोती, उभी गर्दी. उठायला गेले तर डबा कलंडत होता. पुढच्या बाईला मी कोपराने हलवलं, ती वळली आणि माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली. काकूचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. एवढ्या वेळात मी काय काय विचार केला असं कुणी विचारलं तर सांगते, काहीही केला नाही. देवांना दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडले, “गाडी दवाखान्यात घ्या. हिला हार्ट अटॅक आलाय. कुठेही थांबवू नका.” अर्धं मराठी होतं, पण ड्रायव्हरला ते पुरलं.

मालव्यातल्या माणसांवर मी एरवी खूप टीका करते, पण त्या बसमधल्या एकाही माणसाने माझं गाव गेलं, माझा स्टॉप गेला असं म्हटलं नाही. लुगड्यातल्या बाईने काकूचे पाय आपल्या मांडीवर घेतले. कुणी पोलक्याचे हुक सैल केले, कुणी वर्तमानपत्राने वारा घातला. कंडक्टर दारात लटकून पुढच्या ट्रॉल्यांना शिव्या देत बाजूला करत होता. मी आता बोलतच सुटले होते, काकूला झोपू देत नव्हते. तिला भुट्ट्याचं शेत विचारलं, चौधरीणबाईची डाळ विचारली. ती मध्येच हूं करायची. बापूकाकांना पुन्हा फोन केला आणि सांगितलं की घरी येत नाही, दवाखान्यात येतोय, तुम्ही तिथे या. ते काहीतरी बोलायला लागले, पण या वेळी फोन मी ठेवला.

धारला बस सरळ दवाखान्याच्या फाटकात शिरली. काकूला स्ट्रेचरवरून आत नेलं, दार बंद झालं आणि मी कॉरिडॉरमध्ये डबा घेऊन उभी राहिले. बसायची सोय होती, पण बसायचं सुचत नव्हतं. डॉक्टर तरुण होता, भरभर बोलणारा. बाहेर येऊन म्हणाला की अटॅकच आहे, नस बंद झाली आहे, ती उघडायचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं. पण वय आहे, रक्तस्राव होऊ शकतो, घरच्या मोठ्या माणसाने हो म्हणायला हवं. मी हो म्हटलं. त्याने विचारलं, तुम्ही कोण? मी पुतणी म्हटलं. “यहीं की हो?” मी नैरोबी म्हटलं, आणि माझं मलाच हसू आलं, फार वाईट हसू. नंदूचा फोन लागत नव्हता, कारखान्यात फोन बाहेर ठेवायला लावतात. डॉक्टर म्हणाला, “किसी बड़े को बुलाइए. टाइम नहीं है.” आणि पुन्हा आत गेला.

तेवढ्यात बापूकाका आले. पूजेतून उठून आले होते, सोवळ्याचा मुकटा नेसलेला, त्यावर घाईघाईने शर्ट चढवलेला, बटणं चुकलेली. कॉरिडॉरमधले लोक बघायला लागले. त्यांनी आधी माझ्या हातातला डबा पाहिला, मग मला. “देव तुझ्याकडे कसे?” मी सांगितलं. “वाटेत कोण बोललं?” मी म्हटलं, “मी बोलले. देव हातात होते आणि मी ओरडले. परत वेळ आली तर परत ओरडेन.” काय वाटेल ते होवो असं मनात होतं. दोन्ही हात पुढे करून त्यांनी डबा माझ्याकडून घेतला, कपाळाला लावला, छातीशी धरला, आणि त्यांचे ओठ मिटले. पन्नास वर्षांची सवय होती ती. देव हातात आले की हा माणूस बोलत नसे.

आणि दार उघडलं. डॉक्टर म्हणाला, “घर से कौन आया है? हाँ या ना, अभी बताइए.”

मी बापूकाकांकडे बघितलं. डॉक्टरने माझ्या नजरेमागोमाग त्यांच्याकडे बघितलं. “आप? आप इनके कौन हैं?” बापूकाका उभे. डब्यावरची बोटं पांढरी पडलेली. मी हात पुढे केले, डबा परत घ्यायला, पण त्यांनी तो दिला नाही. आतून कुठल्यातरी यंत्राचा टिकटिक आवाज येत होता. डॉक्टरने पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्याने, बहिऱ्याला विचारावं तसं.

“देवर हूँ,” ते म्हणाले. आवाज घोगरा होता. “माँ की जगह है. लगाइए इंजेक्शन. मैं बोल रहा हूँ ना, लगाइए.”

दार बंद झाल्यावर ते बाकावर बसले, देव मांडीवर घेऊन, आणि रडले. मी त्यांच्याशेजारी बसले. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो राग होता तो सगळा गेला असं मी म्हणणार नाही. थोडा गेला.

काकू वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला आत सोडलं तेव्हा नंदू तिच्या पायाशी बसलेला होता, आणि तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिने पहिला प्रश्न विचारला तो बापूकाकांना. “देव बसले?”

“बसले, वहिनी.”

“वाटेत कुणी बोललं?”

मी तोंड उघडलं. बापूकाकांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला. “मी बोललो,” ते म्हणाले. “देव माझ्या हातात होते आणि मी बोललो. काही झालं नाही.” मग ते म्हणाले, “पुढच्या कोजागिरीला देव परत देवासला न्यायचेत. ते तुम्हालाच न्यायचेत, दुसरं कोण नेणार. तेवढ्यात बऱ्या व्हा.”

काकूने डोळे मिटले आणि उशीवर मान कलती केली. मग नंदूला म्हणाली, मला भूक लागली आहे.